व्हीएलआयडब्ल्यू (व्हेरी लाँग इन्स्ट्रक्शन वर्ड, म्हणजे एका लांब शब्दात अनेक सूचना एकत्र घेणाऱ्या) प्रोसेसरमध्ये कोणत्या सूचना एकत्र चालवायच्या हे कोण ठरवतं? परीक्षेला विचारतात, पण नीट कळत नाही.

कंपायलर (लिहिलेला कोड चिपच्या सूचनांमध्ये बदलणारा प्रोग्राम) ठरवतो, तेही प्रोग्राम चालण्याआधीच. चिप फक्त सांगितलेलं करते. गोव्यात वेर्ण्याला एम्बेडेड कामात (उपकरणांच्या आतल्या चिपसाठी) टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या सी६००० डीएसपीवर, म्हणजे सिग्नलवर प्रक्रिया करणाऱ्या चिपवर, कोड लिहिलाय, त्यावरून सांगतो. तिथे एका वेळी २५६ बिट आत येतात, म्हणजे ३२ बिटांच्या ८ सूचना, आणि त्या चालवणारी युनिटंही ८. प्रत्येक सूचनेतला शेवटचा बिट सांगतो की पुढची सूचना हिच्याबरोबरच चालवायची की नंतर. सूचना एकमेकींवर अवलंबून आहेत का, हे तपासणारं किचकट सर्किट चिपमध्ये लागत नाही, म्हणून वीज आणि जागा दोन्ही वाचतात. मात्र सोबत चालवण्यासारखं काम सापडलं नाही तर युनिटं रिकामी राहतात. दुपारची बेतीची फेरीबोट आठवा: गाड्या चार असोत की चाळीस, ती सुटतेच.

एक मर्यादा मात्र लिहाच. मेमरीतून डेटा नेमका कधी येईल हे कंपायलरला आधी कळत नाही. फिल्टर, एफएफटी (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या काढण्याची पद्धत) अशा ठरावीक लूपमध्ये ते फारसं आड येत नाही. डेटाबेससारख्या कामात येतं. इंटेलचा इटॅनियम प्रोसेसर (तांत्रिकदृष्ट्या व्हीएलआयडब्ल्यूचा चुलतभाऊ) मागे पडला त्याचं हे एक मोठं कारण, एकमेव नव्हे. व्हीएलआयडब्ल्यू हे नाव १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला येल विद्यापीठात जोश फिशर यांनी दिलं. दोन गुणांच्या प्रश्नाला तेवढं पुरे.