ब्रिटिश रंगभूमीच्या इतिहासात दिग्दर्शिका जोन लिटलवूड यांचे नाव इतक्या आदराने का घेतले जाते?

त्यांनी गाजवलेल्या नाटकांची यादी हे एक उत्तर झाले. माझ्या मते खरे कारण त्यांच्या तालमीच्या पद्धतीत आहे.

१९१४ मध्ये लंडनच्या स्टॉकवेल भागात गरीब घरात जन्मलेल्या लिटलवूड यांना राडा या नामांकित नाट्यविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळाली होती, पण तेथील उच्चभ्रू वळण न रुचल्याने त्यांनी शिक्षण अर्धवट सोडून मँचेस्टर गाठले आणि पुढे लोकगायक म्हणून प्रसिद्ध झालेल्या इवान मॅकॉल यांच्यासह कामगारांसाठी नाटके सुरू केली. १९४५ मध्ये त्यांची ‘थिएटर वर्कशॉप’ ही मंडळी उभी राहिली. अनेक वर्षे दौरे केल्यावर १९५३ मध्ये ती पूर्व लंडनमधील स्ट्रॅटफर्डच्या (शेक्सपिअरचे स्ट्रॅटफर्ड वेगळे) ‘थिएटर रॉयल’मध्ये स्थिरावली. त्या जुनाट नाट्यगृहाची साफसफाई आणि डागडुजी नटांनीच केली. मिळकतही ते वाटून घेत.

ब्रेंडन बीअन यांच्या तुरुंगावरील ‘द क्वेअर फेलो’ (१९५६) या नाटकाच्या वेळी लिटलवूड यांनी नटांना संहिता देण्याआधी नाट्यगृहाच्या गच्चीवर कैद्यांसारखे गोल गोल चालायला लावले, जेणेकरून तो कंटाळा आधी शरीरात मुरावा आणि संवाद मागाहून यावेत. नटांना संवादांत उत्स्फूर्त भर घालू देण्याची त्यांची रीत मात्र कायद्याला खुपली. त्या काळी प्रत्येक संहिता लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारातील अधिकाऱ्याच्या कार्यालयाकडून मंजूर करून घ्यावी लागे (आपल्याकडच्या परिनिरीक्षण मंडळाची आठवण यावी अशीच ही व्यवस्था होती), आणि मंजूर संहितेबाहेरचे बोलल्याबद्दल १९५८ मध्ये मंडळींवर खटला होऊन किरकोळ दंड झाला. त्याच वर्षी एकोणीस वर्षांच्या शीला डिलेनी यांचे ‘अ टेस्ट ऑफ हनी’ त्यांनी रंगमंचावर आणले.

१९६३ चे ‘ओह, व्हॉट अ लव्हली वॉर’ हे मला त्यांचे सर्वांत धारदार काम वाटते. पहिल्या महायुद्धावरील या प्रयोगात नट सैनिकी गणवेशाऐवजी पिअरो विदूषकांच्या पोशाखात सैनिकांचीच गाणी गात, आणि त्याच वेळी मागच्या फलकावर मृतांचे आकडे सरकत राहत. ‘गांधी’चे दिग्दर्शक रिचर्ड अ‍ॅटनबरो यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट याच नाटकावरचा (१९६९) होता.

मात्र यशाने त्यांचे नुकसानही केले. सरकारी अनुदान तुटपुंजे असल्यामुळे गाजलेली नाटके वेस्ट एंडच्या व्यावसायिक नाट्यगृहांत पाठवून पैसा उभा करावा लागे, त्यांबरोबर मुरलेले नटही जात, आणि स्ट्रॅटफर्डमध्ये नव्या नटांसह पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. या ओढाताणीला कंटाळून त्या १९६१ मध्ये काही काळ दूरही झाल्या होत्या. त्यांचे सहचर आणि संस्थेचे व्यवस्थापक जेरी रॅफल्स १९७५ मध्ये वारल्यावर त्या फ्रान्सला गेल्या आणि त्यांनी दिग्दर्शन सोडले. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले.