एफ२ दाबलं की एंट्रीच जाते : जुन्या युनिक्सला नवा पीसी जोडताना

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या लेखा विभागात आहे. सभासदांचे शेअर्स आणि ऊसबिलातून कापलेल्या ठेवी यांची जुनी खाती एससीओ ओपनसर्व्हर ५ या जुन्या युनिक्सवर, फॉक्सबेस प्लस या डेटाबेस भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमवर आहेत. वारसनोंदीसाठी लोक आले की ती उघडावीच लागतात. डम्ब टर्मिनल (सर्व्हरला जोडलेले नुसते पडदा आणि कीबोर्ड) एकेक करत बंद पडले, म्हणून विंडोजच्या पीसीवर पुटी हा टर्मिनलची नक्कल करणारा प्रोग्रॅम टाकून टेलनेटने जोडलं. लॉगिन होतं, पण चौकटीच्या रेषांऐवजी डोक्यावर दोन टिंबं असलेल्या ‘ए’ अक्षरांच्या रांगा दिसतात. एफ२ दाबलं की एंट्री रद्द होऊन भलतंच काही उमटतं. बॅकस्पेसने प्रोग्रॅमच बंद पडतो. सर्वांत वरची ओळ गायब असते. टर्मिनलच्या पाठीमागच्या प्रिंटरवर खातेउतारा निघायचा, तोही निघत नाही. प्रोग्रॅम लिहिणारे आता संपर्कात नाहीत. सर्व्हरवर काय बदलावं?

उत्तर : सर्व्हरवर काहीही बदलू नका. ओपनसर्व्हर ५ हा १९९५ सालचा. तेव्हा त्याला जसं वागायला सांगितलं तसंच तो आजही वागतोय. बदललंय ते समोरचं टर्मिनल. तुमच्या पाचही तक्रारी पुटीतच सुटतात. नव्वदच्या दशकात जिल्ह्याजिल्ह्यांतल्या बँकांत आणि कारखान्यांत मी हेच सर्व्हर बसवत असे. एका मशीनला मल्टिपोर्ट कार्ड, त्यातून निघालेल्या आरएस-२३२ च्या (सिरियल) केबल आणि टोकाला टर्मिनल. तुमचं पत्र वाचतानाच तो पडदा डोळ्यांसमोर आला.

आधी मूळ गोष्ट. युनिक्सला समोरचा पडदा दिसत नाही. त्याला फक्त टर्मिनलचं नाव माहीत असतं, ते ‘टर्म’ या व्हेरिएबलमध्ये राहतं. १९७८ साली डेक कंपनीचं व्हीटी१०० हे टर्मिनल आलं तेव्हा बाजारात तऱ्हेतऱ्हेची टर्मिनल होती आणि प्रत्येकाचे संकेत वेगळे. कुणाचा पडदा पुसायचा संकेत एक, कुणाचा दुसरा. मग बर्कली विद्यापीठात बिल जॉय यांनी ‘टर्मकॅप’ ही यादी तयार केली : नाव सांगा, यादीतून त्या टर्मिनलचे संकेत घ्या. पुढे तिची जागा ‘टर्मइन्फो’ने घेतली, पण रीत तीच राहिली. तेव्हा पुटीने नाव एक सांगितलं आणि कळा दुसऱ्याच्या पाठवल्या, तर सर्व्हरचा गोंधळ होणारच. पुटी आपलं नाव ‘एक्सटर्म’ सांगते. तुमच्या प्रोग्रॅमची अपेक्षा आहे एससीओच्या ‘एएनएसआय’ची, म्हणजे पीसीच्या स्वतःच्या कन्सोलवरून आलेल्या प्रकाराची.

पुटी उघडा, तुमचं सेव्ह केलेलं सेशन निवडून ‘लोड’ करा. ‘कनेक्शन’खाली ‘डेटा’मध्ये ‘टर्मिनल-टाइप स्ट्रिंग’ असा रकाना आहे. तिथलं एक्सटर्म काढून छोट्या रोमन अक्षरांत ‘एएनएसआय’ लिहा. लॉगिननंतर ‘टर्म =’ आणि पुढे कंसात एक नाव, असं सर्व्हर बहुधा विचारत असेल. आजवर तिथे एक्सटर्म दिसत होतं आणि सगळे एंटर दाबून पुढे जात होते. आता हा प्रश्न आला तर तिथे एएनएसआय दिसेल, एंटर दाबा.

बरेच जण इथेच थांबतात आणि काहीच सुधारलं नाही म्हणतात. नाव सांगितलं, आता त्या नावाला जागायला हवं. ‘टर्मिनल’खाली ‘कीबोर्ड’मध्ये जा. ‘फंक्शन कीज अँड कीपॅड’ या गटात ‘एससीओ’ असा पर्याय आहे, तो निवडा. पुटीची एफ२ मुळात पाठवते ती एस्केप आणि त्यामागून [१२~ ही चार चिन्हं. तुमच्या प्रोग्रॅमला ही मालिका ओळखीची नाही. तो पहिलं एस्केप ऐकतो, ‘रद्द करा’ असा त्याचा अर्थ लावून एंट्रीतून बाहेर पडतो, आणि उरलेली चार चिन्हं पुढच्या रकान्यात टाइप झाली असं धरतो. तुम्हाला उमटलेलं दिसतं ते ‘भलतंच काही’ हेच. एससीओच्या पद्धतीत एफ१ म्हणजे एस्केप, चौकोनी कंस आणि कॅपिटल एम. एफ२ ला एन, एफ३ ला ओ, असं करत एफ१२ ला एक्स. पर्याय बदलला की पेजअप, पेजडाउन, होम, एंड याही कळा एससीओच्या चालीने चालतात.

खात्री करायची असेल तर शेल प्रॉम्प्टवर (जिथे कमांड लिहितात तिथे) ‘कॅट’ लिहून स्पेस, हायफन आणि व्ही टाइप करा, एंटर दाबा आणि मग एफ२ आणि पुन्हा एंटर दाबा. कळ नेमकं काय पाठवते ते अक्षरशः पडद्यावर उमटतं. एस्केपच्या जागी टोपीचं चिन्ह आणि चौकोनी कंस दिसतो. बाहेर पडायला नव्या ओळीवर कंट्रोल-डी. दोन मिनिटांची ही तपासणी कुठल्याही अंदाजापेक्षा भरवशाची.

बॅकस्पेसचं प्रकरण सर्वांत घातक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पुटीची बॅकस्पेस मुळात १२७ क्रमांकाचा कोड पाठवते. त्याचं नाव डिलीट. सिस्टिम फाइव्ह घराण्यातल्या जुन्या युनिक्सवर, आणि एससीओवरही, हाच कोड ‘चालू काम थांबव’ म्हणून ठरलेला आहे. आजच्या लिनक्सवर कंट्रोल-सी जे करतं तेच. म्हणजे तुमचा कारकून एक अक्षर खोडायला जातो आणि सर्व्हरला काम बंद करण्याचा हुकूम पोचतो. त्याच ‘कीबोर्ड’ पानावर सगळ्यात वर ‘बॅकस्पेस की’ आहे, तिथे ‘कंट्रोल-एच’ निवडा. सर्व्हरवर ‘एसटीटीवाय हायफन ए’ ही कमांड दिली की ‘इरेज’पुढे कंट्रोल-एच आणि ‘इंटर’पुढे डेल लिहिलेलं दिसेल, त्यावरून पटेल. कीबोर्डावरची वेगळी डिलीट कळ मात्र यापुढेही काम थांबवणारच. जुन्या टर्मिनलवरही ती तशीच होती, म्हणून जुन्या लोकांची बोटं तिथे जात नाहीत. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी हे सांगा. फॉक्सबेसचा प्रोग्रॅम लिहिता लिहिता मध्येच तुटला तर इंडेक्स फाइल अर्धवट राहू शकते, आणि मग खातं असूनही शोधात सापडत नाही. वारसाला ‘तुमच्या वडिलांचं नावच इथे नाही’ असं उत्तर मिळण्याची वेळ त्यातून येऊ शकते.

याच कारणासाठी ‘विंडो’खालच्या ‘बिहेवियर’ पानावर ‘ऑल्ट-एफ४ ने विंडो बंद’ या ओळीवरची खूण काढा, आणि बंद करण्याआधी विचारण्याची खूण असू द्या.

रेषा : तुमच्या प्रोग्रॅमच्या चौकटी जुन्या पीसीच्या कोडपेज ४३७ या अक्षरसंचातल्या आहेत. आडव्या रेषेचा कोड १९६. पश्चिम युरोपीय लिपीसंचात १९६ म्हणजे डोक्यावर दोन टिंबांचा ए, आणि उजव्या वरच्या कोपऱ्याचा १९१ म्हणजे उलटं प्रश्नचिन्ह. तेही तुम्हाला रांगेच्या टोकाला दिसत असेल. (यूटीएफ-८ हा नवा लिपीसंच ठेवला तर याच जागी प्रश्नचिन्हं दिसतात.) ‘विंडो’खाली ‘ट्रान्सलेशन’मध्ये ‘रिमोट कॅरॅक्टर सेट’ला सीपी४३७ निवडा. फॉन्ट कूरियर न्यू किंवा ल्युसिडा कन्सोल ठेवा, दोन्हीत या रेषा आहेत.

वरची ओळ जाते कारण पुटीची खिडकी २४ ओळींची आणि एससीओचा पडदा २५ ओळींचा. पंचविसावी ओळ छापताना पडदा एक ओळ वर सरकतो. ‘विंडो’ पानावर ८० कॉलम, २५ रो करा. तिथेच खिडकी मोठी केल्यावर काय व्हावं ते विचारलेलं असतं. ‘फॉन्टचा आकार बदला’ निवडा. मग पूर्ण पडदाभर केली तरी आत ८० बाय २५ च राहतात आणि अक्षर मोठं होतं. चाळिशी लागलेल्या लेखापालांना हे फार आवडतं.

आकड्यांच्या एंट्रीला उजवीकडचा कीपॅड वापरत असाल तर ‘टर्मिनल’खाली ‘फीचर्स’मध्ये ‘डिसेबल ॲप्लिकेशन कीपॅड मोड’वर खूण करा.

आता प्रिंटर. टर्मिनलला प्रिंटर जोडायची पद्धत अशी : सर्व्हर एस्केप, चौकोनी कंस, ५ आणि छोटा आय पाठवतो, त्यानंतरचं सगळं टर्मिनल पडद्यावर न दाखवता प्रिंटरकडे सोडतं, ५ च्या जागी ४ आला की पुन्हा पडदा. पुटीला ही भाषा येते. ‘टर्मिनल’च्या मुख्य पानावर तळाशी ‘रिमोट-कंट्रोल्ड प्रिंटिंग’ आहे, तिथे विंडोजमध्ये बसवलेला प्रिंटर निवडा. पुटी मजकूर जसाच्या तसा पुढे ढकलते, म्हणून डॉट मॅट्रिक्स असेल तर ठळक-बारीकचे संकेतही चालतात. लेझर प्रिंटरवर चालेलच असं नाही. उताऱ्यासाठी एक जुना डॉट मॅट्रिक्स राखून ठेवा.

हे सगळं झालं की पुन्हा ‘सेशन’ पानावर येऊन ‘सेव्ह’ दाबा, नाहीतर खिडकी बंद होताच सगळं जाईल. आणखी एक : पुटी ही माहिती विंडोजच्या रजिस्ट्रीत, त्या त्या विंडोज यूजरच्या नावाखाली ठेवते. तुम्ही ॲडमिन म्हणून केलेली मांडणी कारकुनाच्या लॉगिनला दिसणार नाही. एका लॉगिनमध्ये नीट बसवा, रजिस्ट्रीतली ‘सायमनटॅटहॅम’ ही शाखा एक्सपोर्ट करा आणि बाकीच्यांच्या लॉगिनमध्ये ती फाइल डबल-क्लिक करा.

टेलनेटवर पासवर्ड उघडा जातो. हा सर्व्हर आणि हे पीसी वेगळ्या स्विचवर ठेवा, इंटरनेटचा आणि वाय-फायचा त्यांच्याशी संबंध नको. आणि कृपा करून त्या सर्व्हरच्या हार्ड डिस्कची पूर्ण प्रत या महिन्यातच काढून घ्या. टर्मिनल पुन्हा उभं करता येतं. हजारो शेतकऱ्यांच्या ठेवींची नोंद त्या एका डिस्कवर आहे, ती गेली तर उभी करता येणार नाही.

प्रश्न : पिंपरी-चिंचवडच्या एका कंपनीत टेस्टिंग लॅबमध्ये सोलॅरिस ८ या जुन्या युनिक्सचं मशीन आहे. माझा लॅपटॉप नव्या उबंटूचा (लिनक्सचा) झाला आणि दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करून देणारं एसएसएच म्हणायला लागलं, ‘जुळणारी की-एक्सचेंज पद्धत सापडली नाही’. कसंबसं आत शिरले तर व्हीआय हा एडिटर पूर्ण पडद्यावर उघडत नाही, एकेक ओळ दाखवतो.

उत्तर : दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला सुरक्षेचा. तुमचा सर्व्हर देऊ करतो ती ‘डिफी-हेलमन-ग्रुप१-एसएचए१’ ही पद्धत ओपनएसएसएचने (तुमच्या लॅपटॉपवरच्या एसएसएच प्रोग्रॅमने) २०१५ च्या ७.० आवृत्तीपासून आपणहून वापरणं बंद केलं; एसएचए-१ वरच्या ‘एसएसएच-आरएसए’ सह्या २०२१ च्या ८.८ पासून. पद्धती काढलेल्या नाहीत, मागितल्या तर मिळतात. होम डिरेक्टरीतल्या ‘.एसएसएच’ फोल्डरमध्ये ‘कॉन्फिग’ फाइल असते. तीत ‘होस्ट’ लिहून फक्त त्या मशीनचं नाव द्या आणि त्याखाली ‘केक्सअल्गोरिदम्स’पुढे अधिकचं चिन्ह जोडून त्या पद्धतीचं नाव लिहा. पुन्हा जोडा. आता बहुधा होस्ट-कीची तक्रार येईल. ‘होस्टकीअल्गोरिदम्स’पुढे तसंच अधिक आणि एसएसएच-आरएसए. मग कदाचित सायफरची, म्हणजे गुप्तलेखनाच्या पद्धतीची. सर्व्हर काय देऊ करतो ते प्रत्येक तक्रारीच्या शेवटी लिहिलेलं असतं, तेवढंच जोडत जा. ‘होस्ट’पुढे तारका टाकून हे सगळ्या मशीनना लागू करा असा सल्ला कुणी दिला तर तो घेऊ नका. एका म्हाताऱ्या मशीनसाठी बाकीची सगळी दारं उघडी टाकण्यात अर्थ नाही.

व्हीआयची अडचण म्हणजे वर सांगितलेलं नावाचंच प्रकरण. तुमचा लॅपटॉप आपलं नाव ‘एक्सटर्म-२५६कलर’ सांगतो आणि सोलॅरिस ८ च्या टर्मइन्फोत ते नाव नाही. म्हणून व्हीआय ‘तुम्ही कुठल्या टर्मिनलवर आहात मला ठाऊक नाही’ असं स्पष्ट सांगून ओपन मोडमध्ये जातो, म्हणजे एका वेळी एकच ओळ. जोडताना एसएसएचच्या कमांडआधी त्याच ओळीत ‘टर्म बरोबर एक्सटर्म’ लिहा, बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा न सोडता आणि ‘टर्म’ कॅपिटलमध्ये. तेही नाव ओळखलं नाही तर व्हीटी१०० द्या. ते जवळजवळ सगळीकडे असतं, फक्त रंग मिळणार नाहीत.

प्रश्न : फाइल सेव्ह करायला सवयीने कंट्रोल-एस दाबते आणि टर्मिनल गोठतं. दर वेळी खिडकी बंद करून नव्याने लॉगिन करावं लागतं.

उत्तर : गोठलेलं नसतं, थांबलेलं असतं. कंट्रोल-क्यू दाबा, पुढे चालू होईल. मधल्या वेळात दाबलेल्या कळांचा परिणामही तेव्हा एकदम दिसतो, म्हणून थांबलेल्या पडद्यावर कळा बडवू नका. टर्मिनलला किंवा प्रिंटरला सर्व्हरचा वेग झेपला नाही तर ‘थांब’ आणि ‘चल’ म्हणायला ही जोडी ठेवलेली आहे. नको असेल तर तुमच्या लॉगिनच्या ‘.प्रोफाइल’मध्ये ‘एसटीटीवाय’पुढे हायफन आणि ‘आयएक्सऑन’ लिहा. ज्या सिरियल लाइनवर खरोखरचं टर्मिनल किंवा प्रिंटर लटकलेला आहे तिथे मात्र हे लिहू नका. त्याची छपाई मध्येच अक्षरं गाळायला लागेल.