घरातल्या घरात प्रार्थनेची छोटी मंडळी सुरू करायचीय, सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न वाचला. तुम्ही लिहिलंय की तुमच्या भागात जवळ चर्च नाही, चार-पाच कुटुंबं आहेत, सगळ्यांची इच्छा आहे पण हॉल नाही, पास्टर नाही, पैसा नाही, मग छोटं प्रार्थनेवर चालणारं चर्च सुरू करता येईल का आणि किमान किती लोक लागतात. मी पाळक नाही हे आधीच सांगतो. भोसरी एमआयडीसीत नोकरी करतो, मूळचा नगरचा (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ वळत नाही), आणि गेली बारा वर्षं आमच्याकडे गुरुवारची प्रार्थना चालते. त्यातली एक-दोन वर्षं आम्ही पार गोंधळ घातला होता, त्यामुळे सल्ला देण्याइतका अनुभव आहे असं मला वाटतं.

किती लोक लागतात त्याचं उत्तर बायबलात मत्तयच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात आहे, दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमले की तिथे मी आहे, असं येशू म्हणतो. हे वचन सगळ्यांना पाठ असतं पण त्यावर विसंबून बसायला कुणी तयार नसतं. आम्ही पाच जण होतो. मी, बायको, खालच्या मजल्यावरच्या एक मावशी, आणि एक नवरा-बायको जे केजहून नोकरीसाठी आले होते. सुरुवात कशामुळे झाली तर मावशींचे गुडघे गेलेले, चर्च ११ किलोमीटर, दोन बस बदलायच्या, त्या म्हणाल्या मला आता रविवार नको वाटायला लागलाय रे. एवढंच. काही दर्शन वगैरे झालं नव्हतं. आम्ही म्हटलं गुरुवारी संध्याकाळी तुमच्याकडेच बसू, एक गाणं, एक अध्याय, प्रार्थना आणि चहा.

माझं पहिलं सांगणं हेच की "चर्च सुरू करतोय" असं म्हणूच नका. त्या शब्दाबरोबर सगळं येतं, नाव काय ठेवायचं, बॅनर, लोगो, कीबोर्ड, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन कोण, आणि ज्याच्या मनात पास्टर व्हायचं असतं तो लगेच पुढे येऊन बसतो. घरप्रार्थना म्हणा. आपल्याकडे हा शब्द आहेच, आजीच्या काळापासून आहे, कुणाला दचकायला होत नाही.

नव्या करारात बघा ना, मंडळ्या कुठे भरायच्या तर लोकांच्या घरी. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला तंबू शिवायचं काम करायचे, त्यांच्या घरातल्या मंडळीला प्रेषित पौलाने रोमकरांच्या पत्रात सलाम पाठवलाय. फिलिप्पै नावाच्या शहरात तर सुरुवात गावाबाहेर नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या बायकांपासून झाली, त्यातली लुदिया जांभळ्या कापडाचा धंदा करणारी, तिने पौलाला आणि बरोबरच्यांना आग्रह करून घरी नेलं आणि पुढे विश्वासातली माणसं तिच्याच घरी जमायला लागले. सीरियात दुरा युरोपोसला तिसऱ्या शतकातलं एक घर खोदकामात सापडलंय, त्यात दोन खोल्यांमधली भिंत पाडून मोठी खोली केलेली आहे जमण्यासाठी. ते वाचलं तेव्हा बायको म्हणाली आपलं घर भाड्याचं आहे, तसलं काही डोक्यात आणू नका.

प्रार्थनेबद्दल. लोकांना वाटतं प्रार्थना म्हणजे मीटिंगची सुरुवात आणि शेवट, मधे खरा कार्यक्रम. छोट्या मंडळीत उलटं ठेवावं लागतं, कारण तुमच्याकडे दुसरा कार्यक्रम नसतोच. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जी आत्मिक जागृती झाली त्याच्या गोष्टी आपण ऐकत आलोय, मुली रडत होत्या, रात्र रात्र प्रार्थना चालली, पण त्याच्या आधीचे काही महिने कुणी सांगत नाही. जानेवारीत रमाबाईंनी रोज प्रार्थनेला कोण बसणार असं विचारलं, सत्तरेक जणी तयार झाल्या, आणि जूनपर्यंत ५५० जणी दिवसातून दोनदा जमत होत्या, तेव्हा कुठे जून संपता संपता ते घडलं. म्हणजे आधी पाच-सहा महिने नुसतं रोज बसणं. प्रचारक बख्त सिंग यांचंही तसंच, १९४१ साली मद्रासमध्ये काम उभं राहण्याआधी ते आणि बरोबरचे काही जण पल्लावरमच्या डोंगरावर रात्रभर प्रार्थना करत होते, आणि पुढे त्यांच्या मंडळ्यांत उपासनेनंतर सगळ्यांनी एकत्र जेवायचं ही पद्धत पक्की बसली. प्रीतिभोजन. आपल्याकडे कितीतरी ठिकाणी उपासना संपली की बाराच्या ठोक्याला लोक गाड्या काढतात, एकमेकांची नावंसुद्धा माहीत नसतात.

आम्ही एक वही ठेवली. शंभर पानी साधी वही, डाव्या बाजूला तारीख आणि विनंती, उजव्या बाजूला काय झालं ते. हे कुणी सुचवलं आठवत नाही, बहुतेक मावशींनीच, त्या अंगणवाडीत होत्या, त्यांना रजिस्टरची सवय. वहीचा फायदा असा की माणूस मोघम मागत नाही. "सर्वांना आशीर्वादित कर" असं लिहिता येत नाही ना, लिहायचं म्हटलं की नाव लागतं, काय हवंय ते लागतं. आणि उजवी बाजू खूप ठिकाणी रिकामी आहे हेही खरं, ती रिकामी ठेवायची हिंमत पाहिजे, काहीतरी ओढूनताणून उत्तर मिळालं असं लिहायचं नाही. मावशींचे गुडघे या ओळीपुढे काहीच नाही. बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकात येशूचा शिष्य पेत्र तुरुंगात असताना मार्कच्या आईच्या घरी लोक त्याच्यासाठी प्रार्थना करत होते, तो सुटून दारात येऊन ठोठावतोय आणि मोलकरीण सांगतेय पेत्र आलाय तर हे म्हणतात तुला वेड लागलंय! प्रार्थना करणारेच विश्वास ठेवत नाहीत. मला तो प्रसंग फार आवडतो, अगदी आमच्यासारखे लोक.

आता गोंधळाचं सांगतो, तुम्हाला उपयोगी पडेल. चौथ्या वर्षी आम्ही अठ्ठावीस-तीस झालो, घरात मावेना, चपलाच जिन्यात दोन मजले. मग एकाने म्हटलं हॉल घेऊ, दुसऱ्याने कीबोर्ड आणला, मग माइक, मग स्पीकर (स्पीकर घेतला की त्याला वाजवावंच लागतं), मग भाडं आलं, भाड्यासाठी अर्पण आलं, अर्पणासाठी दर आठवड्याला अर्पणाचा संदेश आला. मी स्वतः दशमांशावर (कमाईचा दहावा भाग देणं) लागोपाठ तीन आठवडे बोललोय, आज लाज वाटते. लोक ३८ पर्यंत गेले, आम्ही खूष. आणि त्याच दरम्यान एक रिक्षावाला भाऊ, तीन महिने यायचा, त्याला अपघात झाला, पाय मोडला, आणि आम्हाला ते सतरा दिवसांनी कळलं. पाच जण असताना कुणी एक गुरुवार आलं नाही तरी रात्री फोन जायचा. वर्षाच्या आत हॉलच्या हिशोबावरून भांडण झालं, कोणी किती दिले आणि चावी कोणाकडे, आणि आम्ही नऊ राहिलो. नऊ जण परत मावशींच्या घरी, चटईवर. स्पीकर मी अजून ठेवलाय, त्यावर कुंडी आहे.

त्यानंतर आम्ही ठरवलं की पंधराच्या वर गेलं की दुसरं घर उघडायचं. हॉल नाही. आता तीन घरं आहेत, मोशीत एक, इंद्रायणीनगरला एक आणि आमचं. महिन्यातून एकदा सगळे एकत्र जेवतात, त्या दिवशी संदेश नाही, नुसतं जेवण आणि गाणी. आणि ठरलेलं आहे की कुणी आजारी पडलं, बाळंतपण झालं, नोकरी गेली, तर त्या घरच्या डब्याची पाळी लावायची. पहिली गोष्ट डबा, प्रार्थना डबा घेऊन गेल्यावर. त्या रिक्षावाल्या भावाकडे आम्ही उशिरा का होईना गेलो, नऊ आठवडे डबा दिला, तो ख्रिस्ती नव्हता, अजूनही नाही, गुरुवारी मात्र कधीकधी येऊन बसतो आणि टाळ त्याच्या हातात द्यावा लागतो कारण आमच्यात ठेका धरणारा दुसरा कुणी नाही.

टाळावरून आठवलं. गाण्यांसाठी कीबोर्ड, गिटार, स्क्रीन काही लागत नाही. आपल्याकडे रेव्हरंड टिळकांची भजनं, अभंग आहेत, 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक बहुतेक ख्रिस्ती घरांत असतंच, हातात टाळ असला की झालं. हिंदी आणि इंग्रजी गाणी पोरं म्हणतात, म्हणू द्या, पण ज्या बाईला वाचता येत नाही तिला दोन-तीन गुरुवारात भजन पाठ होतं, ते स्क्रीनवरचं गाणं होत नाही.

आणि टिळकांचंच उदाहरण घ्या, कारण तुम्ही जे विचारताय ते त्यांनी शंभर वर्षांपूर्वी करून बघितलंय. नारायण वामन टिळक, ज्यांना मराठी शाळेत फुलामुलांचे कवी म्हणून शिकवतात, १८९५ ला बाप्तिस्मा, मग अमेरिकन मराठी मिशनमध्ये नगरला कितीतरी वर्षं. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. कल्पना अशी की ख्रिस्ताचे शिष्य, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, एका कुटुंबासारखे राहतील, मिशनच्या पगारावर नाही, परदेशी साच्यात नाही. वाचताना अंगावर काटा येतो. पण ९ मे १९१९ ला टिळक गेले आणि दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. माझ्या मते कल्पना चुकली नव्हती, सगळं एका माणसावर उभं होतं. टिळकांएवढ्या माणसाचं असं झालं तर तुमचं-माझं काय. म्हणून पहिल्या महिन्यापासून प्रार्थना चालवायची पाळी बदलत ठेवा. वाचन एकाने, गाणं दुसऱ्याने, प्रार्थना तिसऱ्याने, आणि यजमान कधीच चालवणारा नको, कारण घर त्याचं, चहा त्याचा आणि बोलणंही त्याचंच झालं की बाकीचे पाहुणे होतात. आमच्याकडे मावशी अडखळत वाचतात, एक अध्याय वीस मिनिटं, सगळे थांबतात. वैताग येतो का, येतो.

काही व्यवहाराच्या गोष्टी पटपट सांगतो. तुमचे सध्याचे पाळक जे कोणी असतील त्यांना आधी जाऊन सांगा, लपवून करू नका, आमच्या पाळकांना पहिले सहा महिने वाटत होतं की आम्ही माणसं फोडतोय. रविवार सकाळ मोकळी ठेवा, ज्याला जमतं तो चर्चला जाईल. प्रभुभोजनाला (भाकरी आणि द्राक्षरसाचा विधी) पाळकांना बोलवा, आमचे तीन महिन्यांतून एकदा येतात. पैसे जमवायचेच असतील तर गरजेपुरते, दोघांनी मोजायचे, वहीत सही, आणि कुणाच्या खासगी फोनपेवर घेऊ नका, भांडणं तिथूनच सुरू होतात. पुढेमागे जागा, बँक खातं असं करायचं ठरलं तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट नोंदवावा लागतो, वकील गाठा. बाहेरच्या देशातून कुणी नातेवाइकाच्या ओळखीने "मिनिस्ट्रीसाठी" पैसे पाठवतो म्हणालं तर थेट नाही म्हणा, एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा परवानगी नसताना ते घेता येत नाहीत. लहान मुलांचा वर्ग घेणार असाल तर कायम दोन मोठी माणसं खोलीत आणि दार उघडं, ओळखीचा असला तरी.

शेजाऱ्यांचं म्हणाल तर आमच्या सोसायटीत तक्रार झालीच. "इथे काय चाललंय, धर्मांतर करताय का" असं सेक्रेटरींनी विचारलं. राग आला होता, पण मावशींनी त्यांना पुढच्या गुरुवारी बोलवलं, या, बसा, बघा. ते आले, पाऊण तास बसले, म्हणाले आवाज नऊनंतर नको आणि चपला जिन्यात नको. दोन्ही मागण्या रास्त होत्या! तेव्हापासून पावणेनऊला संपवतो आणि चपला पिशवीत घालून आत. कुणाला आमिष दाखवायचं नाही, कुणावर न विचारता हात ठेवून प्रार्थना करायची नाही, कुणी आजारी असेल तर डॉक्टरची गोळी बंद कर असं चुकूनही म्हणायचं नाही. आमच्यात एक पाहुणा प्रचारक येऊन एका शुगरवाल्या काकूंना तसं बोलून गेला होता, त्याला पुन्हा बोलावलं नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय की वाढ कशी होईल. मला खरंच सांगता येणार नाही, बारा वर्षांत आम्ही तीन घरं मिळून ३४ जण आहोत, म्हणजे हॉलच्या वेळेपेक्षाही कमी. पण आता कोण आलं नाही ते त्याच रात्री कळतं.

तुम्ही चार-पाच कुटुंबं आहात ना, मग या गुरुवारीच बसा. ज्याच्या घरी सगळ्यात म्हातारं किंवा आजारी माणूस आहे त्याच्या घरी, म्हणजे त्यांना हलावं लागणार नाही. लूकचं शुभवर्तमान पहिल्या अध्यायापासून घ्या, दर वेळी एकच. वही न्या, आणि डाव्या बाजूचं पहिलं नाव जे माणूस त्या दिवशी आलेलं नाही त्याचं लिहा.