नऊ हजार ओळींची फाइल फोडण्याआधी तिची रचना कशी समजून घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की पायथनची नऊ हजार ओळींची फाइल गळ्यात पडलीय, टीममध्ये कुणालाच ती पूर्ण माहीत नाही आणि लीड म्हणतात, 'पाचशे-पाचशे ओळींचे तुकडे करून टाका.' तर आधी कुठलं टूल चालवू?

टूलचं शेवटी सांगतो. आधी तुमच्या लीडबद्दल. हेच वाक्य, याच आकड्यासकट, मी २०१९ मध्ये हिंजवडीत ऐकलंय.

भोसरी-चाकणच्या स्पेअर पार्ट डीलरांसाठी आमचं बिलिंग सॉफ्टवेअर होतं. त्यात जावाची एक फाइल, ११,४०० ओळींची. पुण्याच्या करांचा सगळा इतिहास तिच्यात थरांनी साचलेला. तळाशी जकात, त्यावर एप्रिल २०१३ ची एलबीटी (स्थानिक संस्था कर), मधे सगळीकडे व्हॅट आणि वरून १ जुलै २०१७ च्या आदल्या आठवड्यात रात्री जागून लिंपलेला जीएसटी. गिट लॉग, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंदवही, बघावी म्हटलं, तर पहिलीच कमिट (नोंदवलेला बदल) 'इनिशियल इंपोर्ट'. एसव्हीएन या आधीच्या नोंदवहीवरून आणताना कुणीतरी इतिहास मागेच सोडून आलेला. कॉम्प्लेक्सिटी, म्हणजे कोडमध्ये किती वाटा फुटतात ते, मोजली. हे माप काढणाऱ्या मॅककेबने १९७६ मध्ये सुचवलेली मर्यादा १०, आमच्या मुख्य मेथडचा (मेथड म्हणजे एकेक काम करणारा कोडचा तुकडा) आकडा ३१२. म्हणजे आजारी आहे एवढं कळलं, आणि ते आम्हाला आधीच माहीत होतं.

मग मी अप्पा बळवंत चौकातून ग्राफ पेपरचे मोठे ताव आणले आणि एकमेकांना चिकटवले. आडव्या ओळींत २१४ मेथड, उभ्या रकान्यांत क्लासचे, म्हणजे या सगळ्या मेथडना सामाईक असलेले, ६३ व्हेरिएबल. मेथड व्हेरिएबल नुसतं वाचत असेल तर पोकळ गोल, बदलत असेल तर भरीव. तीन दिवस हेच काम. दुसऱ्या दिवशी स्टँडअपमध्ये लीडसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "काय, चित्रकला कुठवर आली?" टीम हसली. मीही हसलो, हे अजून खुपतं.

तिसऱ्या दिवशी मात्र तक्ता बोलायला लागला. छपाईच्या चाळीसेक मेथड फक्त पाच व्हेरिएबलना शिवत होत्या आणि त्या पाचांना दुसरं कुणी हात लावत नव्हतं. तो गठ्ठा अलगद उचलता आला असता. याउलट एक रकाना वरपासून खालपर्यंत गोलांनी भरलेला: 'फक्त शेवटी राउंड करा' हा फ्लॅग, म्हणजे हो-नाहीची खूण. वाचला जायचा ३१ ठिकाणी, बदलला जायचा दोनच ठिकाणी, आणि त्या दोन जागांत साडेसहा हजार ओळींचं अंतर. नुसतं स्क्रोल करून हे जन्मात दिसलं नसतं.

मी ताव गुंडाळून दाखवायला नेईपर्यंत साहेबांनी शुक्रवारी फाइल कापलीसुद्धा. तेवीस फाइली, प्रत्येक पाचशेच्या आत. कंपाइल झाली, डेमो झाला, पेढेही वाटले. फ्लॅगची प्रत मात्र प्रत्येक नव्या क्लासमध्ये वेगळी, त्यामुळे एकीकडे 'हो' आणि दुसरीकडे 'नाही'.

महिनाअखेरीला भोसरीहून एका डीलरकडच्या अकाउंटंट काकांचा फोन. परराज्यातलं बिल, माल ९३५.३० रुपयांचा, १८ टक्क्यांनी कर १६८.३५, एकूण ११०३.६५, म्हणजे ११०४ यायला हवेत. आमचं सॉफ्टवेअर आधी कर १६८ करायचं, मग ११०३.३० चे ११०३. "साहेब, माझा एक रुपया गेला कुठे?" काका पेन्सिलीने ताळा करून बसले होते. आणि बिल काही एकच नव्हतं.

त्याच सपाट्यात व्हॅटची एक मेथड 'कुणीच बोलावत नाही' म्हणून उडवली गेली. बोलावणारी होती कॉन्फिग फाइल, मेथडचं नाव स्ट्रिंगमध्ये, म्हणजे साधा मजकूर म्हणून, त्यामुळे आयडीईला (कोड लिहायच्या एडिटरला) काही पत्ता नाही. असेसमेंटसाठी २०१६-१७ ची बिलं परत छापायची वेळ आली तेव्हा कळलं.

म्हणून ओळी मोजणं सोडा. कोणती मेथड कोणत्या डेटाला शिवते ते बघा, त्यातून सांधे आपोआप दिसतात. पायथनमध्ये ग्राफ पेपरही लागत नाही: कोडची रचना उलगडून देणारं 'एएसटी' मॉड्यूल भाषेतच येतं, 'सेल्फ डॉट अमुक' (क्लासचे व्हेरिएबल पायथनमध्ये असे लिहितात) कोण वाचतं आणि कोण लिहितं याचा तक्ता चाळीसेक ओळींच्या स्क्रिप्टमध्ये निघतो. ग्लोबल व्हेरिएबल असतील तर तेही धरा. नावं स्ट्रिंगमधून येतात का, हे 'गेटअ‍ॅट्र' (नावाच्या स्ट्रिंगवरून गोष्ट उचलणारं फंक्शन) शोधून बघा. आकडे हवेच असतील तर कॉम्प्लेक्सिटी मोजणारं 'रेडॉन' चालवा, साहेबांना आकडे आवडतात. कापण्याआधी जुने हजारभर खरे इनपुट-आउटपुट जपून ठेवा आणि प्रत्येक पायरीनंतर ताडून बघा. काका करत होते तेच. कोड हलवण्याची कमिट वेगळी, बदलण्याची वेगळी. मग कुठली ओळ कुठल्या कमिटमधून आली ते दाखवणाऱ्या 'गिट ब्लेम'ला मोठा सी लावला की हललेल्या ओळींचा माग बराचसा लागतो.

हां, फाइल दुसऱ्या प्रोग्रामने जनरेट केलेली असेल तर यातलं काहीच करू नका, जनरेटर शोधा. आणि वर्षभरात तिला कुणी हातच लावला नसेल तर मोठी असली म्हणून काय बिघडलं, राहू दे. आमच्या लीडसाहेबांवर डेडलाइन होती हेही खरं, तीन दिवस ग्राफ पेपरवर घालवणारा माणूस मलासुद्धा परवडला नसता कदाचित.

तरी तक्ता झाला की छापा आणि मीटिंगच्या आधी लीडच्या टेबलावर ठेवा. माझा गुरुवारी संध्याकाळीच तयार होता. उद्या नीट शाईने काढून दाखवू म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवला होता.