भाऊ, तुमचं हृदय पोरीच्या मार्कांमुळे मोठं नाही झालं

यावल तालुक्यातून एका केळीवाल्या शेतकरी वडिलांचं पत्र आलंय. मुलीचे नीटचे दोन अटेम्प्ट झाले, आधी २६८ मग ३३१, आता तिसऱ्या अटेम्प्टसाठी ड्रॉप घ्यायचा का असं विचारलंय. पण मी अडकलो मधल्याच एका वाक्यावर. "निकाल लागला त्याच महिन्यात मला एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा आजार) निघालं, टू-डी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) डावा वरचा कप्पा ४.९ सेंमी आला, हिच्या टेन्शननेच झालं, आता हिनेच हार्टची डॉक्टर होऊन मला बरं करावं."

भाऊ, हे तुम्ही तिच्यासमोर बोलला आहात. पत्रासोबत तिची चिठ्ठी आहे, त्यात लिहिलंय "माझ्यामुळे पप्पांना झालं". एकोणीस वर्षांची पोर हे मनात घेऊन रात्री झोपत कशी असेल हो? मार्कांचं नंतर बघू.

मी डॉक्टर नाही, पण एवढं नक्की सांगतो की टेन्शनने धडधड सुरू होऊ शकते, पण कप्पा एका महिन्यात ताणून मोठा होत नाही, त्याला वर्षं लागतात. साधारण ४ सेंमीच्या आत असतो तो. तुम्हीच लिहिलंय की बीपी बारा वर्षांपासून आहे आणि गोळ्या कधी घेतल्या कधी नाही. बीपी जास्त राहिलं की खालचा कप्पा कडक होतो, त्यात रक्त ढकलताना वरच्यावर दाब येतो आणि तो हळूहळू फुगत जातो. फुगलेल्या कप्प्यात ठोक्यांची लय बिघडते, आणि लय बिघडली की तो अजून फुगतो. मग तो नीट आकसतच नाही, मिनिटाला साडेतीनशेच्या वर नुसता थरथरतो, आणि खालच्या कप्प्यात जाणाऱ्या रक्ताला शेवटी जो धक्का मिळायचा तो बंद होतो, म्हणून चढावर दम लागतो. यात नीटचा निकाल कुठे आला?

आता ज्याची मला खरी भीती वाटली ते. कोयता लागला तर रक्त थांबणार नाही म्हणून रक्त पातळ करायची गोळी तुम्ही मनानेच बंद केलीत. त्या डाव्या कप्प्याला बाजूला एक छोटी पिशवी असते, कप्पा आकसत नसला की तिथं रक्त साचून गुठळी होते, ती सुटून मेंदूत गेली की लकवा. घड कापायला मजूर मिळेल. उद्याच डॉक्टरांकडे जा आणि कोयत्याचं काम करतो हे त्यांना सांगा, त्यावर उपाय तेच सांगतील. हार्टचा डॉक्टर तुम्हाला आत्ता हवाय. पोरीला यंदा सीट मिळाली तरी एमबीबीएस साडेपाच, एमडी तीन, मग हार्टचं डीएम तीन, म्हणजे साडेअकरा वर्षं.

तिच्या चिठ्ठीत अजून एक गोष्ट आहे, ती तुम्ही वाचली नसावी. इकोच्या वेळी ती तुमच्या शेजारी उभी होती. ती लिहिते, पुस्तकात वर असलेले कप्पे स्क्रीनवर खाली दिसत होते, डावा लांबट असायला हवा तर चेंडूसारखा गोल होता, आणि डॉक्टर एकच माप पाच-सहा ठोक्यांवर घेत होते कारण प्रत्येक ठोका वेगळा पडत होता. खाली पेनाने चित्रही काढलंय. कुणी न शिकवता हे दिसणं साधी गोष्ट नाही भाऊ, मी इतकी मुलं बघितली, असं पाहणारी थोडीच.

ड्रॉप नको, हे माझं स्पष्ट मत. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीच्या पदवीचा कोर्स आहे, तीन वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप, त्यात कार्डिओलॉजी टेक्निशियनची, म्हणजे हार्टच्या तपासण्यांचं काम करणाऱ्यांची शाखा आहे. ती कोणत्या कॉलेजात आहे ते फॉर्म भरण्याआधी बघा. पण तिला स्वतःचं इको सेंटर काढून देऊ असलं काही डोक्यात आणू नका, रिपोर्टवर सही डॉक्टरचीच असते, हे तिलाही आधीच माहीत असू द्या. हे करायचं की अजून दुसरंच काही, ते तिला ठरवू द्या.

रविवारी तिला जळगावला घेऊन या, मी तिच्याशी एकटीशी बोलेन, तुम्ही बाहेर बसा. आणि येण्याआधी एक काम करा, तिला समोर बसवून सांगा की हा आजार तुझ्यामुळे नाही झाला. मी सांगून ते तिला पटणार नाही, तुमच्या तोंडून ऐकायचंय तिला.