कॉन्चेर्तोला जुगलबंदी म्हणू नका

प्रश्न असा आला आहे : "ग्लेन गूल्ड या कॅनडाच्या पियानोवादकावर लेख लिहिते आहे. त्याच्या कॉन्चेर्तोंच्या ध्वनिमुद्रणांना 'जुगलबंदी' म्हटलं तर चालेल का?"

नाही चालणार. निवेदकांपासून अनुवादकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी हल्ली हा शब्द बसलाय आणि दर वेळी तो कानाला खटकतो. 'जुगल' म्हणजे युगल, जोडी. तोलामोलाचे दोन कलावंत समोरासमोर बसतात आणि आयत्या वेळी सुचेल ते मांडतात, ती जुगलबंदी. कॉन्चेर्तो म्हणजे एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची पाश्चात्त्य रचना. गूल्डच्या कॉन्चेर्तोत एक पियानो आणि त्याच्यासमोर अख्खा वाद्यवृंद. वर जवळजवळ प्रत्येक स्वर आधीच लिहिलेला. वादकाला एकट्याने खेळायला मोकळी जागा असते ती 'कादेन्झा' नावाच्या टप्प्यात. तिथेसुद्धा गूल्डने बेथोव्हनच्या पहिल्या कॉन्चेर्तोसाठी स्वतःची कादेन्झा बसून रचली आणि मग १९५८ मध्ये ती ध्वनिमुद्रित केली.

कॉन्सर्ट म्हणजे मैफल, हे सांगण्यात वेळ घालवत नाही. 'कॉन्चेर्तो'चं अनेकवचन इटालियन वळणाचं हवं असेल तर 'कॉन्चेर्ती' लिहा, 'कॉन्चेर्तोज' नको.

खरी गंमत पुढे आहे. इटालियन 'कॉन्चेर्तारे' म्हणजे आपसात जुळवून घेणं. तो शब्द ज्या लॅटिन 'कॉन्केर्तारे'वरून आला, त्याचा अर्थ मात्र झुंजणं! माहेरी भांडण, सासरी समेट. १५८७ मध्ये व्हेनिसच्या गाब्रिएली या संगीतकार काका-पुतण्यांच्या रचना 'कॉन्चेर्ती' या नावाने छापल्या गेल्या, तेव्हा अभिप्रेत होतं ते कंठ आणि वाद्यं यांचं एकत्र येणं. १६१९ मध्ये जर्मन संगीतज्ञ प्रेटोरियसने लॅटिनकडे बोट दाखवून झुंजीचा अर्थ पुढे आणला. तिसरा एक पक्ष हा शब्द 'कॉन्सेरेरे', म्हणजे गुंफणे, यावरून काढतो. सुरांची माळ गुंफण्याची कल्पना गोड आहे, आणि गोड आहे एवढ्यासाठीच ती पुस्तकापुस्तकांतून उतरवली जाते. पण लॅटिन 'स'चा इटालियनमध्ये 'च' कोणत्या नियमाने झाला, हे या मंडळींनी आधी सांगावं. व्युत्पत्ती गोडव्यावर ठरत नसते.

माझं म्हणणं, झुंजीपाशीही थांबू नका. 'केर्तारे'च्या मागे 'केर्नेरे' आहे, आणि केर्नेरे म्हणजे चाळणं! दाणा एकीकडे, कोंडा दुसरीकडे. चाळण्यावरून वेगळं करणं, त्यावरून ठरवणं, आणि काय ते ठरेपर्यंत भिडणं. मराठी याच वाटेने चालली आहे : आपण तांदूळ निवडतो आणि तंट्याचा निवाडा करतो. ठरलेलं ते 'केर्तुस', त्यातूनच आपलं सर्टिफिकेट आलं. याच घराण्यातल्या ग्रीक 'क्रिनेइन'ने क्रिटिक दिला आणि क्रायसिसही दिला. म्हणजे कॉन्चेर्तो, त्याच्यावर लिहिणारा समीक्षक आणि त्यातून उद्भवणारा पेचप्रसंग, तिघेही एकाच चाळणीतून पडलेले!

आणि तो पेचप्रसंग गूल्डच्या बाबतीत खरोखरच घडला. ६ एप्रिल १९६२, कार्नेगी हॉल, न्यूयॉर्क फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद, जर्मन संगीतकार ब्राम्सचा डी मायनर कॉन्चेर्तो. गूल्डला लय फार संथ हवी होती. वाद्यवृंदाचे संचालक (कंडक्टर) लिओनार्ड बर्नस्टाइन यांना ते पटलेलं नव्हतं. वादनाआधी ते श्रोत्यांसमोर उभे राहिले आणि या मांडणीशी आपण सहमत नाही, असं त्यांनी उघड सांगितलं. मग विचारलं, कॉन्चेर्तोत मालक कोण, एकल वादक की संचालक? उत्तरही त्यांनीच दिलं : कधी हा, कधी तो. आणि तरीही पूर्ण कॉन्चेर्तो त्यांनी गूल्डच्याच लयीत नेला. हे भाषण वादनासह ध्वनिमुद्रित आहे, जरूर ऐका. शब्दाचे लॅटिन आणि इटालियन असे दोन्ही अर्थ एकाच संध्याकाळी ऐकू येतात.

गूल्डला स्वतःला कॉन्चेर्तोतली ही चढाओढ रुचत नसे. १० एप्रिल १९६४ रोजी लॉस एंजेलिसला वाजवल्यानंतर त्याने जाहीर कार्यक्रम कायमचे सोडले. तेव्हा वय होतं अवघं ३१. त्यामुळे १९६६ च्या 'एम्परर'बद्दल, म्हणजे बेथोव्हनच्या पाचव्या कॉन्चेर्तोबद्दल, लिहिताना 'मैफलीचं ध्वनिमुद्रण' हा शब्दप्रयोगही टाळा. ते काम स्टुडिओतलं आहे.

लेखात सरळ 'कॉन्चेर्तो' लिहा. पहिल्यांदा येईल तिथे 'एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना' एवढा खुलासा पुरे. 'एम्परर'च्या वेळी गूल्डने संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांच्यापुढे दोन लयी ठेवल्या होत्या, एक जलद, एक संथ. त्यांनी संथ निवडली. तो कॉन्चेर्तो पुरता इटालियन.