एच-११० मदरबोर्डावर आठव्या पिढीचा आय-५ चालेल का?

आपल्या घरच्या संगणकात इंटेलचा सहाव्या पिढीचा आय-३ ६१०० प्रोसेसर आणि एच-११० चिपसेटचा (म्हणजे बोर्डाचे कामकाज सांभाळणाऱ्या चिपचा) मदरबोर्ड आहे. इथल्या, म्हणजे इंदूरच्याच, एका दुकानदाराने आपल्याला आठव्या पिढीचा जुना आय-५ ८४०० दाखवून ‘सॉकेट सेम है, लग जाएगा’ असे सांगितले आहे, आणि तो घ्यावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते घेऊ नये. तो सॉकेटमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या प्रोसेसरच्या जागेत, व्यवस्थित बसेल, पण संगणक सुरू होणार नाही.

हे मी अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी अशाच सल्ल्यावर विसंबून मी आठव्या पिढीचा प्रोसेसर घरी आणला होता. त्याच्या खाचा बरोबर जुळल्या, वरची पट्टी सहज लागली, पंखाही फिरू लागला. स्क्रीन मात्र काळीच राहिली. रॅम काढून पुन्हा घालण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. प्रोसेसरमध्ये दोष काहीच नव्हता, त्यामुळे परत करायला गेल्यावर दुकानदाराशी वाद घालायलाही जागा उरली नाही.

घोटाळ्याचे मूळ या सॉकेटच्या नावातल्या ‘११५१’ या आकड्यात आहे. तो आकडा सॉकेटमधील पिनांची संख्या सांगतो, त्या पिनांचे काम सांगत नाही. २०१५ साली सहाव्या पिढीबरोबर हा सॉकेट आला आणि सातवी पिढीही त्यावरच चालली. २०१७ च्या अखेरीस आलेल्या आठव्या पिढीसाठी इंटेलने आकार आणि खाचा तशाच ठेवल्या, परंतु सहा गाभ्यांना, म्हणजे कोअरना, पुरेसा वीजपुरवठा व्हावा या कारणासाठी आधी राखीव असलेल्या काही पिना विजेच्या कामाला लावल्या. मुख्य वीजपुरवठ्याच्या पिना १२८ होत्या, त्या १४६ झाल्या. आठव्या आणि नवव्या पिढीला म्हणूनच ३०० मालिकेचा चिपसेट लागतो. हौशी मंडळी बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्राममध्ये, फेरफार करून आणि प्रोसेसरच्या काही संपर्कबिंदूंवर चिकटपट्टी लावून हा अडथळा ओलांडतात, हे खरे आहे. पण घरात एकच संगणक असताना तो उद्योग करू नये.

आपल्या बोर्डावर सातव्या पिढीपर्यंतचा प्रोसेसर चालू शकतो. आय-३ ६१०० मध्ये २ गाभे आहेत, तर आय-५ ७५०० मध्ये ४. या दोन्हींतला फरक आपल्याला रोजच्या वापरात जाणवेल. आय-७ ७७०० मध्ये ४ गाभे आणि ८ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामे) आहेत, परंतु एच-११० चे बरेच बोर्ड वीजपुरवठ्याच्या बाबतीत साधे असतात, म्हणून मी स्वतः आय-५ वरच थांबेन. खरेदीपूर्वी बोर्डाचे नेमके मॉडेल सीपीयू-झेड या मोफत प्रोग्राममध्ये पाहावे आणि बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या प्रोसेसरांच्या यादीत घ्यायच्या प्रोसेसरचे नाव शोधावे, कारण त्या यादीत प्रत्येक प्रोसेसरसमोर बायोसची किमान आवृत्ती दिलेली असते.

आपल्या बोर्डावरची आवृत्ती त्याहून जुनी असेल तर जुना आय-३ बोर्डावर असतानाच बायोस अद्ययावत करून घ्यावा. आय-३ काढल्यानंतर हे लक्षात आले, तर तोच परत बसवावा लागतो. बायोस अद्ययावत होत असताना मधेच वीज गेल्यास बोर्ड निकामी होऊ शकतो, तेव्हा यूपीएसशिवाय ते करू नये. पावसाळ्यात तर नाहीच. शिवाय या सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात, प्रोसेसरवर नव्हे, म्हणून प्रोसेसर सरळ वर उचलावा, सरकवू नये. कूलर परत बसवताना जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) पुसून नवी लावावी.

एक गोष्ट आधीच ठरवून घ्यावी. विंडोज १० चा नियमित आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि विंडोज ११ साठी इंटेल प्रोसेसरांची अधिकृत मर्यादा साधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होते. विंडोज ११ हाच आपला हेतू असेल, तर आय-५ ७५०० वर पैसे घालू नयेत. त्या परिस्थितीत दुकानदाराचा आय-५ ८४०० घेता येईल, पण त्याच्यासोबत ३०० मालिकेचा बोर्डही घ्यावा लागेल, आणि दोन्ही एकत्र जोडून, स्क्रीन सुरू झालेली दुकानातच पाहून मगच पैसे द्यावेत. आपली सध्याची रॅम डीडीआर-४ प्रकारची असेल तर ती नव्या बोर्डावर चालेल. एच-११० चे काही बोर्ड डीडीआर-३ वर चालतात; आपला त्यांपैकी असेल, तर रॅमचाही खर्च धरावा.